अकरावा उपाय

क्रीडा विभाग बंद झाला तेव्हा मला स्त्री-आरोग्यात टाकण्यात आलं, कारण तिथली खुर्ची रिकामी होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. आमच्या वेबसाइटवर ‘ताईचा सल्ला’ नावाचं सदर चाले. वर करड्या केसांच्या, समजूतदार हसणाऱ्या एका बाईंचा फोटो असे. फोटो विकत घेतलेला होता. त्याच बाई दुसऱ्या एका ठिकाणी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात करायच्या. माझ्या आधीच्या ताईला दाढी होती. त्याला बँकेत नोकरी लागली, तो गेला, आणि चोविसाव्या वर्षी मी हजारो बायकांची ताई झालो.

घरी सांगितलं नाही. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘मुलगा खेळाचा वार्ताहर आहे’ असं सांगत, आणि ते सांगताना त्यांची मान इंचभर वर जाई. ती खाली आणायचं माझ्या जिवावर आलं. आईला एवढंच माहीत होतं, की मी कुठल्यातरी वेबसाइटवर काहीतरी लिहितो आणि त्यामुळे माझे डोळे लाल होतात.

पहिल्याच आठवड्यात संपादकबाईंनी विषय दिला: वय वाढतं तसं हार्मोन्सचं संतुलन नैसर्गिकरीत्या कसं राखावं. संपादकबाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या होत्या आणि दिवसभर उभ्यानेच काम करत, कारण बसणं शरीराला वाईट असतं हा आमचाच लेख त्यांनी वाचला होता. त्या म्हणाल्या, अकरा उपाय हवेत. दहा सगळेच देतात.

मी एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी चाळीस मिनिटं न कंटाळता समजावून सांगितलं. पाळी जायच्या सुमाराला शरीरातले काही हार्मोन्स कमी होत जातात, त्यामुळे अंगातून झळा येतात, झोप उडते, जीव घाबरतो, हाडं विरळ होऊ लागतात. हा आजार नव्हे, वय आहे, आणि वयाला मदत करता येते. रोज चालणं, थोडी वजनं उचलणं, सकाळचं ऊन, ठरलेल्या वेळी झोप, जेवणात डाळी, चमचाभर जवस, चहा-कॉफी बेताने, असं करत त्यांनी दहा उपाय सांगितले. दहावा असा, की एवढं करूनही त्रास होत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, औषधं आहेत, त्यात कमीपणा नाही. संपादकबाईंना दहावा पटला नाही. वाचक आपल्या लेखातून उठून दुसरीकडे जातो, म्हणाल्या. पण तो राहिला.

अकरावा उरला. सव्वापाच वाजले होते. शेजारच्या टेबलावर तांत्रिक विभागाचा माणूस खुर्चीतच झोपला होता आणि मनापासून घोरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं: ‘शक्य असल्यास काही काळ पतीपासून वेगळ्या खोलीत झोपा. शरीराला स्वतःची लय सापडते.’ लय हा शब्द मला फार आवडला. पाच वाजून वीस मिनिटांनी मी लिफ्टमध्ये होतो.

लेख चांगला चालला. इतका चालला की चालत चालत आमच्या घरी आला.

बाबा तराजू दुरुस्त करतात. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, औषधांच्या दुकानातले, आणि सोनारांचे ते काचेच्या पेटीतले नाजूक काटे, ज्यांच्यावर पापणीचा केस ठेवला तरी आकडा हलतो. बाजारात त्यांना सगळे काटेवालेच म्हणतात. दुकानात त्यांचे नियम आहेत. काटा तपासताना पंखा बंद, खिडकी बंद, टेबलाला कुणी टेकायचं नाही, आणि वजनाला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. हाताची ऊब काट्याला खोटं बोलायला लावते, असं ते म्हणतात. मी लहान असताना एकदा पन्नास ग्रॅमचं वजन नुसत्या हाताने उचललं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी ते वजन पुसलं आणि तासभर कुणाशी बोलले नाहीत.

आई फळांच्या शीतगृहात काम करते. कुठली पेटी कधी आत गेली आणि कधी बाहेर काढायची, ते तिच्या शब्दावर चालतं. वर्षभरापूर्वी तिला झळा सुरू झाल्या तेव्हा तिची नोकरी भलतीच सोयीची ठरली. झळ आली की ती सफरचंदांच्या खोलीत जाऊन उभी राही. हमाल म्हणत, मॅडम आत गेल्या, आता गाडी पाच मिनिटं थांबली. घरी मात्र सफरचंदं नव्हती. घरी ती खिडकीपाशी उभी राहून वर्तमानपत्राने वारा घेई, आणि तिचा चेहरा असा होई की कुणीतरी तिला आतून हाक मारतंय आणि तिला ती व्यक्ती अजिबात आवडत नाही. चिडायची, मग चिडल्याबद्दल रडायची, मग रडायला लावलं म्हणून आम्हा दोघांना धारेवर धरायची.

कुठलीही गोष्ट बिघडली की ती दुरुस्त होते, यावर बाबांचा विश्वास आहे. एका संध्याकाळी ते माझा लेख छापून, प्लॅस्टिकमध्ये पक्का बंद करून घेऊन आले आणि फ्रिजवर चिकटवला. वर ताईचा फोटो. मी पाणी प्यायला गेलो आणि ताई माझ्याकडे बघून समजूतदार हसली.

“ही बाई हुशार आहे,” बाबा म्हणाले. “मोजकं बोलते.”

मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवसापासून जवस सोनाराच्या काट्यावर तोलून येऊ लागलं: दहा पूर्णांक शून्य शून्य ग्रॅम, कागदाच्या पुडीत, वर तारीख घालून. सकाळी सात वाजता आईला बाल्कनीत उन्हात उभं करण्यात येई आणि पंधरा मिनिटं झाली की बाबा आतून टाळी वाजवत. वजनं उचलायची म्हणून त्यांनी दुकानातली तपासणीची दोन-दोन किलोची वजनं आणली, आणि त्यांना घाम लागू नये म्हणून आईला पांढरे सुती हातमोजे दिले. रोज सकाळी एक बाई बाल्कनीत पांढरे हातमोजे घालून हात वर-खाली करते, हे समोरच्या इमारतीला पाठ झालं. तिथल्या निवृत्त मास्तरांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, वहिनी वाहतूक पोलिसात भरती होतायत का. मी म्हटलं, अजून शारीरिक चाचणी व्हायची आहे.

आईनं हे सगळं केलं, आणि हसत केलं. एवढं लक्ष तर ह्यांनी लग्न ठरवतानाही दिलं नव्हतं, असं ती शीतगृहातल्या बायकांना सांगे. तेव्हा जेवताना नुसतं मुलगी पसंत आहे म्हणाले, आणि भाकरी कमी पडते का बघायला आत गेले.

पण बाबांचा एक बाणा आहे. काम घेतलं की पुरं करायचं. अकरातले दहा केले आणि एक सोडला, तर आलेल्या निकालाला काही अर्थ नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, संध्याकाळच्या जेवणाआधी, त्यांनी आईची उशी आणि चादर उचलली, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर नेऊन ठेवली आणि चादरीचे चारही कोपरे सरळ केले. दिवाण माझा होता. मला आतल्या मोठ्या पलंगावर, आईच्या जागी पाठवण्यात आलं. आई दारात उभी राहून उशीकडे बघत होती. मग म्हणाली, बरं. तिचं ते ‘बरं’ इतकं लहान होतं की बाबांच्या कुठल्याच काट्यावर ते उठलं नसतं.

अशा रीतीने अकराव्या उपायाचा लेखक अकराव्या उपायाने रिकाम्या झालेल्या जागेत झोपू लागला.

त्यानंतर बाबांनी वही केली. झळ आली की ते चार पावलांवर खुर्ची घेऊन बसत, मनगटावरचं घड्याळ बघत आणि लिहीत: सकाळी आठ चौदा, चार मिनिटं, घाम मध्यम, चिडचिड जास्त. आई पाणी मागे. ते उठून पाणी आणत, पण तिच्या हातात देत नसत, शेजारच्या टेबलावर ठेवत आणि परत चार पावलं मागे जात. पंखा तेवढा चालू ठेवत. तेवढी सूट त्यांनी आपल्या शास्त्राला दिली होती.

ताईला रोज तीस-चाळीस पत्रं येत. केस गळतात, सासूबाई झोपू देत नाहीत, नवऱ्याला वाटतं मी नाटक करते, पपईने वय खरंच कमी होतं का. मी डॉक्टरीणबाईंच्या टिपणांतून उत्तरं द्यायचो आणि जिथे टिपणं संपत तिथे ‘डॉक्टरांना भेटा’ लिहायचो. एका गुरुवारी दुपारी हे पत्र आलं.

‘आदरणीय ताई,

आपले अकराही उपाय नियमाने चालू आहेत. पत्नीचं वय एक्कावन्न वर्षं चार महिने. दिवसाला सात झळा होत्या, त्या चारवर आल्या आहेत. आपले आभार मानावेत तेवढे थोडेच.

एक शंका आहे. अकरावा उपाय किती दिवस करायचा, ते लेखात दिलेलं नाही. आज साठावा दिवस आहे.

ती झोपेत पाय माझ्या पोटरीला लावायची. सत्तावीस वर्षं. पाय फार गार असायचे, मी तक्रार करायचो. आता ते गार असतात की गरम, मला माहीत नाही. तिच्या जागी सध्या मुलगा झोपतो. त्याचे पाय फार मोठे आहेत.

बाहेरच्या खोलीत ती कूस बदलते तेव्हा दिवाण वाजतो. मला ऐकू येतं. मग मीपण कूस बदलतो. याचा उपयोग काही नाही, हे मला कळतं.

उपाय थांबवल्याने तिला त्रास होणार नसेल, तरच सांगावं. घाई नाही.

एक काळजीवाहू पती’

‘चार महिने’पाशीच मी ओळखलं होतं. तरी शेवटपर्यंत वाचलं, आणि मग टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं. मोठे होते. पण मला जास्त लागलं ते ‘घाई नाही’. बाबा ‘घाई नाही’ केव्हा म्हणतात ते मला माहीत होतं. माझा बारावीचा निकाल लागायचा होता त्या सकाळी ते मला दर दहा मिनिटांनी घाई नाही म्हणत होते.

मी उठून संपादकबाईंकडे गेलो आणि म्हटलं, अकरावा उपाय काढायचा आहे. त्यांनी स्क्रीनवर बघितलं. लेखात वाचक सर्वांत जास्त वेळ अकराव्यावरच थांबतात, असं निघालं. काही बायका तर तिथून पुढे जातच नाहीत. तो काढता येणार नाही, पण वाढवता येईल, त्या म्हणाल्या. दोन खोल्या नसतील तर काय करावं, यावर वेगळा लेख कर. मी म्हटलं, तो डॉक्टरांनी सांगितलेला नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच चाललाय.

जागेवर येऊन मी ताईच्या वतीने लिहिलं, की अकरावा उपाय आजपासून बंद करा. कारण लिहिलं नाही. ताईला कारण द्यावं लागत नाही, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. बाबांनी ते दुकान उघडण्याआधी लिहिलं असणार, कारण त्या दिवशी ते चहा न पिताच बाहेर पडले होते. ‘ताई, आपण कारण दिलं नाहीत. आपल्याला माझी दया आली असावी. तसं असेल तर कृपा करून येऊ देऊ नका. सातच्या चार झाल्या आहेत. यांपैकी कोणत्या उपायाने किती झाल्या, ते वेगळं काढता येत नाही. मला हवं आहे म्हणून मी तिचं बरं होणं मोडू का? आणखी साठ दिवस थांबेन. सवय होत नाही. पण थांबता येतं.’

मी ते कँटीनमध्ये वाचलं आणि समोरची कॉफी तशीच ठेवून जिन्यात जाऊन उभा राहिलो. या माणसाच्या शेजारी मी दोन महिने झोपत होतो. एवढ्या काळात तो तिथे माझ्याशी एकच वाक्य बोलला होता: पांघरूण ओढू नकोस.

शनिवारी दुपारी बाबा दुकानात होते. आई भांडी घासत होती, मी पुसत होतो. मी तिला सांगितलं, की ताई मीच आहे.

तिने मान वळवून फ्रिजकडे बघितलं. “ही?”

मी म्हटलं, फोटो विकतचा आहे, लिहितो मी. दहा उपाय डॉक्टरांचे, अकरावा माझा. सव्वापाच वाजले होते.

पातेल्याच्या बुडाला काहीतरी चिकटलं होतं, ते ती खरवडत राहिली, आणि मला वाटलं आता ते पातेलं माझ्या दिशेने येणार. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. हसता हसता तिने विचारलं, मग शीतगृहातल्या बायका जो लेख डोक्यावर घेऊन नाचतात, पोटाच्या चरबीचा, तोही तूच का. मी हो म्हटलं. मेल्या, म्हणाली, तू आयुष्यात कधी बाल्कनीपर्यंत तरी चालला आहेस का.

आणि मग हसणं थांबलं. तिने नळ बंद केला.

“तर मग तुझ्या ताईला सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“सांग, की चार नाहीत, नऊ आहेत. पाच मी बाथरूममध्ये काढते, नळ सोडून. समोर कुणी घड्याळ घेऊन बसलं की माणसाला जळायचीसुद्धा चोरी होते.” ती भांड्यांकडे बघूनच बोलत होती. “आणि सांग, की उशी त्यांनी उचलली. मला विचारलंसुद्धा नाही. कोपरे सरळ केले वर. मला वाटलं, झालं. या वयात असंच होत असेल. घामाने भिजलेली बाई शेजारी कुणाला हवी असते? दोन महिने ह्यांचा हात माझ्या अंगाला लागलेला नाही. पाणी देतात तेही टेबलावर ठेवून. मी काय काचेच्या पेटीत आहे?”

ताई म्हणून मी अशा प्रश्नांना रोज उत्तरं देत होतो. मुलगा म्हणून मी तीच ताटली तिसऱ्यांदा पुसली.

मला बाबांची पत्रं तिला दाखवता आली असती. मोबाइल खिशातच होता. पण ती पत्रं बाबांनी मला लिहिली नव्हती, आणि आईला लिहायची त्यांची छाती झाली नव्हती. मधल्यामध्ये ती माझ्याकडे येऊन पडली होती. मी फक्त म्हटलं, तसं नसेल गं. ती म्हणाली, मग कसं असेल? मी म्हटलं, ताईला विचारतो.

“विचार,” आई म्हणाली. “आणि तिला म्हणावं, दाढी कर.”

संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून मी मोबाइलवरच लिहिलं. ‘प्रिय काळजीवाहू पती, दहा उपाय एका जाणत्या डॉक्टरांचे आहेत. ते चालू ठेवा, आणि त्यातला दहावा आधी करा. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. अकरावा त्यांचा नाही. तो मी सव्वापाचला लिहिला, कारण मला घरी जायचं होतं. मला माफ करा. तुमचा आकडाही चुकलेला आहे. झळा चार नाहीत, नऊ आहेत. पाच त्या बाथरूममध्ये नळ सोडून काढतात, कारण तुम्ही समोर बसून लिहिता. त्यांना वाटतं, त्या तुम्हाला नकोशा झाल्या म्हणून तुम्ही त्यांना खोलीबाहेर काढलंत. त्या म्हणजे काटा नव्हेत. हात लावा.’

पाठवलं आणि मोकळं वाटलं. ते साधारण अर्धा मिनिट टिकलं. मग मी पुन्हा वाचलं. ताईला आमच्या बाथरूममधला नळ कसा माहीत? आणि बाबांनी आपला धंदा काय, हे पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

संदेश परत घेता येतो का, हे मी तांत्रिक विभागाच्या माणसाला फोन करून विचारलं. तो झोपेतून उठला होता. नाही म्हणाला आणि परत झोपला.

रविवारी सकाळी बाबा नेहमीच्या वेळी उठले. चहा प्यायले, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. खेळाच्या पानावर जास्त वेळ थांबले, असं मला वाटलं. आई भाजी आणायला गेल्यावर ते बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला, बाहेर येऊन दार लावलं, आणि दाराला कान लावून उभे राहिले. मग परत आत गेले, खोकले, आणि मला म्हणाले, आता तू बाहेर उभा राहा, मी आत खोकतो. मी उभा राहिलो. आत ते खोकले असावेत. पाण्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

नळ बंद करून ते बाहेर आले. “आलं का ऐकू?”

मी मान हलवली. नाही.

ते थोडा वेळ ओल्या हातांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “पाच.” त्या दिवशी उन्हाची टाळी वाजली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मी आत पलंगावर पडलो होतो. आई दिवाणावर होती. बाबा माझ्या शेजारी आडवे झाले, छताकडे बघत राहिले, मग उठले. चप्पल न घालता गेले. बाहेरच्या खोलीचं दार, जे आमच्याकडे कधीच लावलं जात नाही कारण ते खाली घासतं, त्यांनी उचलून धरून हळूच ओढून घेतलं.

आमच्या घराची रचना अशी, की आतल्या खोलीतून कुठेही जायचं तर बाहेरच्या खोलीतूनच जावं लागतं. स्वयंपाकघर, बाथरूम, जिना, जग, सगळं पलीकडे. मला तहान लागली होती. मी पलंगावर उठून बसलो आणि तसाच राहिलो.

आधी बराच वेळ नुसते बाबा बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण एवढं सलग बोलताना मी त्यांना फक्त वजनमापाच्या निरीक्षकांशी ऐकलं होतं. एकदा ‘पोटरी’ असं काहीतरी ऐकू आलं. मग आईचा आवाज, चढा, दोन-तीन वाक्यं. तिने मनातलं दोन महिन्यांचं सगळं एका दमात बाहेर काढलं असावं. दिवाण वाजला. मग पुन्हा आई, खालच्या आवाजात. मग ती रडली, किंवा हसली. दाराआडून आईचं रडणं आणि हसणं सारखंच येतं. संपादकबाईंचा मेसेज आला: दोन खोल्या नसतील तर, तो लेख कधी देतोस? मी लिहिलं, सध्या एका खोलीत अडकलोय.

पाऊण तास गेला. मला माझ्या मोठ्या पायांचा राग यायला लागला होता, आणि घराचा, आणि त्या घोरणाऱ्या माणसाचा. त्या पलंगावर आईची जी बाजू होती, तिथली गादी तिच्या मापाने खोल झाली होती आणि मी दोन महिने त्या खळग्यात न शिरता त्याच्या काठावर झोपलो होतो. हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मग दारापलीकडून बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट, दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारतात तसा.

“ताई, चहा ठेव.”

मी दार उचलून उघडलं आणि मान खाली घालून बाहेरची खोली ओलांडली. बाबा माझ्याकडे बघत होते की नाही, ते मी बघितलं नाही. स्वयंपाकघरात शिरून पातेलं चढवलं, पाणी ओतलं, आणि मगच, गॅस मोठा करायच्या निमित्ताने, तिरकं बघितलं.

दोघं दिवाणावर बसली होती. आई खिडकीकडे तोंड करून, पाठमोरी. तिला झळ आली होती. मान मागून भिजली होती, केस चिकटले होते, आणि तिने डोळे मिटले असणार, कारण खांदे तसे वर आलेले होते. बाबा तिच्या मागे होते. त्यांनी हात तिच्या पाठीवर ठेवला होता, पण पूर्ण नाही. बोटं टेकली होती, तळवा अजून यायचा होता. तो येत होता. इतका सावकाश, की मला वाटलं आज रविवार संपेल.

“गरम होतंय?” बाबांनी विचारलं.

“होतंय.”

“काढू हात?”

मला वाटलं ती हो म्हणेल. तशा वेळी तिला अंगावरचा धागाही नकोसा होतो. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा हात थांबला.

“नंतर काढा,” ती म्हणाली.

“नंतर म्हणजे केव्हा?”

“अहो, गप्प बसा जरा.”

ते गप्प बसले. रात्री कोण कुठे झोपणार, यावर कुणीच काही बोललं नव्हतं, आणि मला विचारायचं नव्हतं. पाण्याला उकळी आली. चहा टाकला, तो लाल झाला, मग काळा झाला. चहा तयार आहे असं सांगायला मला स्वयंपाकघराच्या दारात जावं लागलं असतं. मी पातेल्यात आणखी पाणी घातलं.